मधुमेह, व्यायाम आणि गर्भाशयाचा कॅन्सर: चालण्याने खरंच फरक पडतो का?

पाचपाखाडीकर (सोमवार, सकाळी ७:१२)

जरा लांबलचक लिहिणार आहे. चहा घेऊन बसा, बिनसाखरेचा.

माझी मोठी बहीण नेरुळला असते. वय ६१, शुगर १४ वर्षांपासून. पाळी जाऊन ९ वर्षं झाली होती आणि गेल्या दिवाळीच्या आधी अचानक डाग लागले. तपासण्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. नशीब की पहिल्याच टप्प्यात होता. पिशवी काढली, अंडाशयं काढली, बाकी काही करावं लागलं नाही. आता बाई ठणठणीत आहेत आणि मला रोज फोनवर झापतात.

झापण्याचं कारण असं की सर्जनबाईंनी तिला विचारलं, "धाकट्या बहिणीला शुगर आहे का? वजन किती?" मला दोन्ही भरपूर आहे. वय ५४, शुगर ८ वर्षांची, उंची १५५ सेंमी, वजन ७४ किलो, पाळी जाऊन ३ वर्षं झाली. बाई म्हणाल्या, तिला चालायला लावा, हालचाल वाढवा.

आता माझा प्रश्न. ताई रोज चालायची हो! ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर तिचा सहा जणींचा गट होता, पाऊस असला तरी छत्री घेऊन जायच्या. तरी तिला झाला. मग चालण्याने या कॅन्सरचा धोका कमी होतो, याला काही आधार आहे का? की सर्दीपासून कर्जापर्यंत सगळ्यावर डॉक्टर सांगतात तसं हे "चाला" आहे?

जाणकारांनी सांगावं. अनुभवही चालतील.

सुरळीची_वडी (७:४०)

वाचतेय. आमच्याकडे सासूबाईंना शुगर आहे, मला होऊ घातली आहे, आणि ट्रेडमिलवर साड्या वाळत आहेत.

नेरुळ_पूर्व (८:०५)

ताईंना नमस्कार सांगा, आम्ही त्याच ट्रॅकवरचे. तो छत्रीवाला गट चांगलाच ओळखीचा आहे. चालतात कमी, थांबतात जास्त. हलके घ्या.

कट्ट्यावरचा_म्हातारा (८:३१)

बायकांच्या विषयात नाक खुपसत नाही, पण हिची पिशवी २०११ साली काढली आहे, तेव्हा एवढं कळतं की पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा आणि आतल्या अस्तराचा वेगळा. आमच्या सोसायटीत सगळे दोन्ही एकच समजतात. कोणीतरी नीट लिहा.

सूक्ष्मदर्शक (११:२०)

काका अगदी बरोबर बोलले. माझा पोटापाण्याचा धंदा पॅथॉलॉजीचा, म्हणजे हे तुकडे काचपट्टीवर बघणं. तेव्हा लिहिते.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हा जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याला लस आहे, पॅप टेस्ट (तोंडाजवळच्या पेशी घेऊन केलेली तपासणी) आहे. आपल्या देशात तोच जास्त. अस्तराचा कॅन्सर विषाणूमुळे होत नाही. तिथे खेळ हार्मोनचा असतो, आणि शुगर आणि वजन त्यात इथूनच शिरतात.

दर महिन्याला इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं, आणि पाळीत ते निघून जातं. पाळी गेली की अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन येणं थांबतं. इस्ट्रोजेन मात्र पूर्ण थांबत नाही, कारण चरबीच्या पेशींत अरोमाटेज नावाचं एक विकर असतं, ते शरीरातल्या दुसऱ्या हार्मोनांपासून इस्ट्रोजेन तयार करत राहतं. चरबी जास्त तर कारखाना मोठा. म्हणजे अस्तराला "वाढ, वाढ" सांगणारा आहे आणि "पुरे" म्हणणारं कोणी नाही.

आता मधुमेह. टाइप २ मध्ये सुरुवातीची बरीच वर्षं इन्सुलिन कमी नसतं, उलट जास्त असतं, फक्त शरीर त्याला दाद देत नाही. हे जादा इन्सुलिन दोन उद्योग करतं. एक, अस्तराच्या पेशींना थेट वाढायला चिथावतं. दोन, इस्ट्रोजेनला रक्तात बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात बनतं, ते कमी करतं. मग मोकळं इस्ट्रोजेन वाढतं. म्हणून मधुमेह असलेल्या बायकांमध्ये हा कॅन्सर साधारण दुप्पट आढळतो. अमेरिकेतल्या मधुमेह आणि कॅन्सरच्या मोठ्या संस्थांनी २०१० मध्ये एकत्र बसून अहवाल काढला, त्यात यकृत आणि स्वादुपिंडाच्या जोडीला हाही होता.

चालण्याचा संबंध संध्याकाळी लिहिते, स्लाइड वाट बघतायत.

सुरळीची_वडी (११:४४)

"चरबी जास्त तर कारखाना मोठा." धन्यवाद. म्हणजे मी एमआयडीसी आहे.

शेरास_सव्वाशेर (दुपारी १:१५)

"दुप्पट" हा शब्द वाचून कोणी घाबरू नका. कशाच्या दुप्पट, ते आधी विचारायचं. अमेरिकेत, जिथे हा कॅन्सर खूप होतो, तिथेही बाईला आयुष्यभरात तो होण्याची शक्यता सुमारे ३ टक्के आहे. आपल्याकडे त्याहून बरीच कमी. कमीची दुप्पट म्हणजे तरी कमीच.

आणि व्यायामाबद्दल मी थोडा नास्तिक आहे. २०१६ साली एक प्रचंड अभ्यास आला होता, अमेरिका आणि युरोपातली १४.४ लाख माणसं, २६ प्रकारचे कॅन्सर. मोकळ्या वेळात सगळ्यात जास्त हालचाल करणाऱ्या बायकांत अस्तराचा कॅन्सर सगळ्यात कमी हालचाल करणाऱ्यांपेक्षा २१ टक्क्यांनी कमी दिसला. छान. पण वजनाचा हिशेब धरल्यावर तो फायदा २ टक्क्यांवर आला, म्हणजे जवळपास गायब. अर्थ काय? खरी गोष्ट वजन. चालणं नुसतं सोबतीला.

सूक्ष्मदर्शक (रात्री ९:०२)

सव्वाशेर, आकडे बरोबर, निष्कर्षाशी असहमत.

समजा मी म्हटलं, फास्ट लोकलने ठाण्याहून दादरला लवकर पोचतो. तुम्ही म्हणालात, "थांबे कमी असल्याचा हिशेब वजा करून बघा, फास्ट आणि स्लोमध्ये काही फरक नाही." अहो, थांबे कमी म्हणूनच तर ती फास्ट! हालचाल वजनाला आवर घालते आणि त्या वाटेनेच धोका कमी करते. ती वाटच गणितातून काढून टाकली तर हाती काय उरणार? हां, एवढं मान्य, की नुसतं चालून वजन आणि कंबर जागची हलली नाही, तर या कॅन्सरपुरता फायदा थोडाच मिळेल.

दुसरं, मधुमेहात स्नायूंची गंमत आहे. स्नायू काम करताना इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढून घेतात. आणि नंतर २४ ते ४८ तास शरीर इन्सुलिनला जास्त दाद देतं. म्हणजे तेवढ्याच कामाला कमी इन्सुलिन लागतं. म्हणूनच मधुमेहींना सांगतात की सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. रविवारी एकदम येऊर चढून उरलेले ६ दिवस सोफ्यावर बसलं की हा परिणाम मंगळवारीच संपतो.

शेरास_सव्वाशेर (९:२०)

लोकलचं उदाहरण आवडलं. अर्धा शेर मागे घेतो.

पाचपाखाडीकर (९:४८)

बाई, किती नीट सांगितलंत. पण माझ्या ताईचं काय? ती चालायची ना.

सूक्ष्मदर्शक (१०:१०)

घोडबंदर रोडवर हेल्मेट घालणाऱ्यालाही अपघात होतो. हेल्मेट न घालणाऱ्यापेक्षा त्याचं डोकं वाचण्याची शक्यता जास्त, एवढंच. ताईंचं वजन किती होतं? मूल किती? पाळी कितव्या वर्षी गेली? घरात आणखी कोणाला गर्भाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तोही पन्नाशीच्या आत झालेला? हे शेवटचं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यात आनुवंशिक प्रकार असू शकतो.

पाचपाखाडीकर (१०:३३)

आतड्याचा कोणालाच नाही. ताईचं वजन ८६ होतं. एक मुलगा. पाळी ५२व्या वर्षी गेली. आणि आत्ताच फोन करून विचारलं, "किती वेळ चालायचीस?" उत्तर: "चाळीस मिनिटं, त्यातली वीस बाकावर." मग गटातर्फे इडली. नेरुळ_पूर्व यांची साक्ष ग्राह्य धरण्यात येत आहे.

नेरुळ_पूर्व (१०:३५)

इडलीसोबत मेदूवडाही असायचा. सत्य लपवू नये.

कट्ट्यावरचा_म्हातारा (मंगळवार, सकाळी ६:५०)

एक धोक्याची सूचना. मी ग्लिमेपिराइडच्या गोळीवर आहे, ती इन्सुलिन वाढवून शुगर उतरवते. गेल्या वर्षी या धाग्यासारखंच काहीतरी वाचून उत्साहात आलो, सकाळची गोळी घेतली आणि उपाशीपोटी वाशीच्या सागर विहारकडे झपाझप निघालो. अर्ध्या वाटेत घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरची खाडी दोन-दोन दिसायला लागली. एका शेंगदाणेवाल्याने बसवलं आणि चहात चार चमचे साखर घालून पाजला. घरी येऊन मोजली तरी ६८. आधी किती असेल देव जाणे.

तेव्हापासून खिशात ग्लुकोजची पुडी असते. इन्सुलिन किंवा अशी गोळी चालू असेल तर निघण्याआधी मोजा. ९०च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन निघा. नुसत्या मेटफॉर्मिनवाल्यांना सहसा हा त्रास होत नाही, असं आमचे डॉक्टर म्हणतात.

आणि बूट घाला हो. शुगरवाल्याने स्लिपर घालून चालायचं नाही. पायाला फोड आला तरी कळत नाही.

नेरुळ_पूर्व (७:१५)

काकांच्या बुटांना +१. घरी आल्यावर तळपाय आरशात बघायचे. माझ्या वडिलांचा अंगठा अशाच एका न कळलेल्या फोडामुळे गेला.

वनौषधी_प्रेमी (८:२२)

एवढं चालायची गरजच नाही. कारल्याचा रस, मेथी आणि एक पाला (नाव व्यनितून, म्हणजे खाजगी निरोपातून सांगेन) २१ दिवस घ्या. गाठी विरघळतात. शुगरही जाते.

सूक्ष्मदर्शक (८:४०)

गाठी विरघळत नाहीत. २१ दिवस वाया जातात. माझ्याकडे येणारे काही तुकडे त्या वाया गेलेल्या दिवसांसकट येतात.

कट्ट्यावरचा_म्हातारा (८:४४)

मला व्यनि आला आहे. पाला अडुळशाचा आहे. निदान खोकला तरी जाईल.

सुरळीची_वडी (९:३०)

मला एक सांगा, घरकाम धरतात का व्यायामात? सकाळी ५ला उठून डबे, पाणी, झाडू-फरशी, सासूबाईंचं सगळं, मग लोकल. आणि डॉक्टर विचारतात, "व्यायाम काय करता?" मी म्हटलं, "संसार."

शेरास_सव्वाशेर (१०:०५)

सोपी कसोटी आहे. काम करताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, तर ते मध्यम मेहनतीत धरायचं. बसून फरशी पुसताना गाता येत नसेल तर धरा. पोळ्या लाटताना भावगीत होत असेल तर नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असा आहे, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काहीतरी.

सूक्ष्मदर्शक (१०:३०)

ते "शिवाय" बायका कायम विसरतात. साखर जिरवण्याचं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे मांडीचे आणि पाठीचे स्नायू, आणि चाळिशीनंतर ते आपोआप आटत जातात. जिममध्येच जायला हवं असं नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून दंड, लिटरच्या दोन बाटल्या उचला. फक्त डोळ्यांच्या पडद्याला शुगरचा त्रास असेल तर आधी डोळ्याच्या डॉक्टरांना विचारा, श्वास कोंडून जोर लावणं त्यांना चालत नाही.

नेरुळ_पूर्व (१०:५२)

चालायला जागा हवी तर ठाणेकरांनी नवी मुंबईत यावं. आमच्याकडे खारघरचं सेंट्रल पार्क आहे, पारसिक हिल आहे, आणि फुटपाथ नावाची एक गोष्ट असते.

पाचपाखाडीकर (११:०४)

आमच्याकडे तलाव आहेत. कचराळीला ट्रॅक आहे, उपवन आहे, तलावपाळी तर आहेच.

नेरुळ_पूर्व (११:०६)

तलावपाळीला चालता? तिथे माणूस एका भेळेपासून दुसऱ्या भेळेपर्यंत जातो.

(इथून पुढे १४ प्रतिसाद मिसळ कुठली चांगली यावर झाले. संपादकांनी ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)

एकतीस_गुणिले_शून्य (बुधवार, रात्री १२:४०)

आतापर्यंत नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. वय ३१, ऐरोलीत आयटीत, घरूनच काम. पीसीओएस (अंडाशयाच्या हार्मोनचा तोल बिघडण्याचा त्रास) आहे, पाळी तीन-चार महिन्यांनी येते. शुगर बॉर्डरवर. एका डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "लग्न झालं की बघू." मला वाटायचं, पाळी येत नाही तर बरंच आहे, सुट्टी. वरचं वाचून झोप उडाली. हा फक्त पाळी गेलेल्यांचा आजार आहे ना?

सूक्ष्मदर्शक (सकाळी ७:५५)

जास्त करून त्यांचा, पण फक्त त्यांचा नाही. तीन-तीन महिने पाळी येत नाही तेव्हा बहुतेक वेळा बीज सुटलेलं नसतं, म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार झालेलं नसतं, आणि अस्तर साचत राहतं. वर लिहिलेला "पुरे म्हणणारं कोणी नाही" हाच प्रकार, फक्त तरुण वयात. त्यावर साधे उपाय आहेत, ठरावीक काळाने प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन अस्तर उतरवतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी तर या कॅन्सरचा धोका कमी होतो. लग्नाचा संबंध नाही. दुसऱ्या डॉक्टर गाठ. झोप उडवून घेऊ नकोस, झोपही इन्सुलिनला लागते.

आणि वजन ५ टक्क्यांनी उतरलं तरी पीसीओएसमध्ये पुष्कळ जणींची पाळी मार्गावर येते.

एकतीस_गुणिले_शून्य (८:२०)

थँक्यू ताई. शनिवारची वेळ घेतली. टेबलाखालून पायही बाहेर काढले.

निमूट (शुक्रवार, रात्री ११:१५)

मी पुरुष आहे, हा धागा का उघडला ते सांगतो. आई ६६ वर्षांची, शुगर २० वर्षं, कळव्याला आमच्यासोबत असते. गेल्या महिन्यात बायकोने बाथरूममध्ये पाहिलं, आईच्या कपड्याला डाग होते. आई म्हणाली, "उष्णता झाली असेल, बडीशेपेचं पाणी घेते." आणि त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ चालायला जाते. तिला कोणीतरी सांगितलंय की चालल्याने सगळं जागेवर येतं. मला तिच्याशी हे बोलता येत नाही. बायको बोलली तर म्हणते, "तुमच्या वयाला काय कळतंय."

चालू देत का अजून थोडे दिवस?

सूक्ष्मदर्शक (११:२२)

नाही. उद्याच्या उद्या स्त्रीरोगतज्ज्ञ.

आता नीट लिहिते. व्यायाम हा पुढे होऊ नये म्हणून. डाग दिसला की व्यायामाचा विषय संपला, तिथून तपासणी सुरू. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला, गुलाबी असो की तपकिरी, तरी दाखवायचं. अशा दहा जणींपैकी साधारण नऊ जणींत कॅन्सर निघत नाही. कोरडेपणा, पॉलिप (अस्तराला आलेला साधा कोंब) असलं काहीतरी असतं. पण हा कॅन्सर झालेल्या जवळपास ९० टक्के बायकांत पहिली खूण रक्तस्रावाचीच असते. म्हणजे शरीर आधी दार वाजवतं. सगळ्याच कॅन्सरमध्ये एवढी सोय नसते, आणि लवकर सापडला तर बहुतेक जणी बऱ्या होतात.

आतून सोनोग्राफी करतात, अस्तराची जाडी मोजतात. ४ मिमी किंवा कमी असेल तर बरीच निश्चिंती. जास्त असेल किंवा डाग परत परत येत असतील तर नळीने छोटा तुकडा घेतात किंवा दुर्बिणीतून बघतात. आईंना "उष्णतेचीच तपासणी आहे" म्हणून न्या, खोटं बोलल्याचं पाप माझ्यावर.

पाचपाखाडीकर (११:५०)

निमूट, तुमच्या आईला माझ्या ताईशी बोलायला लावते. ताईनेही दोन महिने काढले होते, तेव्हा तिचं म्हणणं होतं "चालून चालून घासलं असेल". हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण तिचा राग येतो अजून. कळव्यातल्या तिच्या वयाच्या बाईचं ऐकणार नाहीत, पण पिशवी काढून बसलेल्या बाईचं ऐकतील. व्यनि केला आहे.

बाई, एक विचारू? माझी पॅप टेस्ट नॉर्मल आली आहे. आणि मी दरवर्षी सोनोग्राफी करून घेऊ का?

सूक्ष्मदर्शक (शनिवार, सकाळी ७:३०)

पॅप टेस्ट पिशवीच्या तोंडासाठी असते, अस्तराची खात्री ती देत नाही. आणि काहीच त्रास नसताना दरवर्षी सोनोग्राफीची शिफारस नाही. जाडीचा आकडा उगाच एखाद मिलिमीटर जास्त येतो आणि बाई महिनाभर जेवत नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेत असाल किंवा घराण्यात तो आनुवंशिक प्रकार असेल, तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील.

तुमच्यासाठी आकडा वेगळा आहे: ३.७ किलो. म्हणजे ७४च्या ५ टक्के. अमेरिकेत पाळी गेलेल्या हजारो बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यात ज्यांनी ठरवून ५ टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात हा कॅन्सर वजन तेवढंच राहिलेल्यांपेक्षा कमी आढळला.

सुरळीची_वडी (७:४१)

३.७ म्हणजे माझ्या कुकरएवढं. कुकर उतरवणं जमेल.

निमूट (तीन आठवड्यांनी, बुधवार)

धागा वर काढतोय. ताईंनी आईला अर्धा तास फोनवर घेतलं. काय बोलल्या माहीत नाही, पण आई स्वतःच म्हणाली, "रिक्षा बोलव." अस्तर ११ मिमी होतं. दुर्बिणीतून पॉलिप काढला, बायोप्सी काल आली. कॅन्सर नाही. डॉक्टर म्हणाले, शुगर आणि वजन बघा, डाग परत दिसले तर लगेच या. आईने बडीशेपेचं पाणी चालूच ठेवलं आहे आणि श्रेय त्यालाच देते आहे.

कट्ट्यावरचा_म्हातारा (बुधवार)

देऊ दे. शुगर किती आहे तिची?

निमूट (बुधवार)

तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ९.१ आहे काका. आता चालणं कायम ठेवायला सांगितलंय, जेवणानंतर.

पाचपाखाडीकर (गुरुवार)

माझाही हिशेब. पहिल्या आठवड्यात मोजलं तर कळलं की माझी "रोज अर्धा तास" म्हणजे प्रत्यक्षात आठवड्याला ७० मिनिटं होती, कचराळीला, तीही मैत्रिणींच्या सुनांवर चर्चा करत. या आठवड्यात १४०. खुर्चीवरून उठा-बसा आठवर अडकल्या आहेत. वजन ७३.२, फार नाही. उपाशीपोटी शुगर १५८ची १३६ झाली. आणि ताई परत ट्रॅकवर जायला लागली आहे, या वेळी बाकावर बसायचं नाही असं ठरवून. इडलीचं मी विचारलं नाही.

उद्यापासून सकाळी ६ला कचराळीच्या गेटपाशी उभी राहीन. जवळपासचं कोणी येणार असेल तर सांगा.

सुरळीची_वडी (गुरुवार)

साडेसहा करा ना, आमच्याकडे ६ला पाणी येतं.